मणक्याची गादी झिजली आहे, ऑपरेशन करावं का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. सिंहगड रस्त्यावरच्या क्लिनिकमध्ये कंबर धरून येणाऱ्यांची उलटतपासणी घेणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशन टाळू पाहणारे माझ्याकडे येतात आणि करून आलेलेही येतात, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. तरी माझा कल थांबून बघण्याकडे आहे हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना तेवढं वजा करता येईल. खालचं सगळं कमरेच्या मणक्यांबद्दल आहे. मानेत मज्जारज्जू दबू शकतो, तिथले हिशेब वेगळे असतात. मानेचा निर्णय यावरून घेऊ नका.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. करू की नको?

मी उलट विचारते: जास्त काय दुखतं, कंबर की पाय? "दोन्ही" असं उत्तर येतं. मग खोदून विचारायचं. समजा जादूने एकच थांबवता आलं, तर कुठलं थांबवाल? इथे बहुतेकांचं उत्तर चटकन ठरतं.

कळ नितंबातून मांडीच्या मागून पोटरीत उतरत असेल, तिथून पावलाच्या वर किंवा करंगळीकडे जात असेल, खोकलं-शिंकलं की पायात झटका बसत असेल, तर शीर दबलेली असण्याची शक्यता मोठी. दबलेली शीर मोकळी करणं सर्जनला उत्तम जमतं. अशा पायात उतरणाऱ्या कळेच्या, म्हणजे सायटिकाच्या, मागे गादीचा फुटून बाहेर आलेला तुकडा असू शकतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. तो तुकडा काढायचं ऑपरेशन तेव्हापासून रुळलं आहे आणि पायाच्या कळेला त्याचा गुण चांगला येतो.

नुसती कंबर दुखते, पायात काहीच नाही, असं असेल तर मामला वेगळा. झिजलेल्या गाद्यांपैकी नेमकी कुठली दुखतेय, की दुखणं सांध्यातून, स्नायूतून येतंय, हे कुठलीच तपासणी खात्रीने सांगत नाही. थोडक्यात, गादीचं ऑपरेशन होतं कमरेत, पण बहुतेक वेळा ते पायासाठी असतं.

एमआरआयमध्ये तीन गाद्या खराब दाखवल्यात. मग ऑपरेशनशिवाय कसं बरं होणार?

फाइल समोर आली की मी ती आधी बाजूला ठेवते आणि माणसाला पॅसेजमध्ये चालायला लावते, एकदा टाचांवर, एकदा चवड्यांवर. टाचांवर चालताना एखादं पाऊल आपटतं का? दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहून दहा वेळा टाच उचलता येते का? पायाचा अंगठा मी खाली दाबत असताना तो वर धरून ठेवता येतो का? कुठली शीर कुरकुरतेय ते एवढ्यावरून बऱ्यापैकी कळतं. मग रिपोर्ट.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला चालताना पाहिलेलं नसतं. यंत्रात दिसलं ते ओळीने लिहून देणं हे त्यांचं काम, आणि ते चोख होतं. एल४-एल५ आणि एल५-एस१ या खालच्या दोन गाद्यांवर सगळ्यात जास्त भार येतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात त्यांची नावं असतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. गादीचा फुगवटा पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत होता. यातल्या कुणालाच दुखत नव्हतं.

तेव्हा रिपोर्ट वाचताना बघायचं ते एवढंच: दबलेली शीर आणि दुखणारा पाय यांची बाजू जुळते का, पातळी जुळते का. उजवी शीर दबल्याचं रिपोर्टमध्ये आणि कळ डाव्या पायात, असेही लोक येतात. त्यांचा फोटो खरा असतो, दुखणंही खरं असतं, फक्त दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. अशा फोटोवरून ऑपरेशन करायचं म्हणजे भलत्याच दाराला कुलूप लावण्यासारखं आहे.

थांबलो तर गादी आणखी बाहेर येऊन शीर कायमची खराब होणार नाही का?

पायातली ताकद शाबूत असेल तर सहसा नाही. उलट यात एक गंमत आहे, जी ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितका तो आपोआप आक्रसण्याची शक्यता जास्त. गादीबाहेर पडलेला तुकडा शरीराला परका वाटतो आणि पेशी येऊन तो हळूहळू खाऊन टाकतात. २०१५ मधल्याच आणखी एका आढाव्यात पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा आपोआप कमी झालेले दिसले, आणि नुसता फुगवटा फक्त १३ टक्के वेळा. त्यामुळे रिपोर्टमधला "मोठा तुकडा" हा शब्द वाचून रात्रभर जागू नका.

पण थांबायचं तरी किती?

पायाची कळ असेल आणि ताकद ठीक असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे.

नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ पेशंटवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांचं लवकर ऑपरेशन, उरलेल्यांनी आधी थांबायचं आणि असह्य झालं तरच करायचं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागलं, बाकीच्यांचं टळलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. म्हणजे प्रश्न बरं होण्याचा कमी आणि वेगाचा जास्त.

वेगाची किंमत प्रत्येकाची वेगळी असते, आणि ती दुसऱ्याने ठरवू नये. चाकणला लाइनवर आठ तास उभं राहणारा, कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा चार महिने कळ सोसत बसला तर त्याची नोकरी जाते. हिंजवडीत घरून काम करणारी बाई उभ्याने, आडवी होऊन, कशीही वेळ निभावून नेऊ शकते. दोघांचा एमआरआय सारखा असला तरी दोघांनी वेगवेगळा निर्णय घेतला, तर मी दोघांनाही बरोबर म्हणेन.

अमर्याद थांबण्यातही मात्र शहाणपणा नाही. चार ते बारा महिने कळ सोसलेल्या १२८ लोकांचा कॅनडातला अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात ऑपरेशन केलेल्यांची पायाची कळ सहा महिन्यांनंतर, ऑपरेशनशिवाय उपचार घेणाऱ्या गटापेक्षा, स्पष्टपणे कमी होती. "वर्ष झालं, चाललंय कसंतरी" असं म्हणणाऱ्यांना मीच सर्जनकडे पाठवते.

कोणत्या परिस्थितीत अजिबात थांबू नये?

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा आला, तर शेपटाकडच्या शिरांचा सगळा जुडगा दबलेला असू शकतो. ही तातडीची वेळ आहे. सोमवारची ओपीडी, नेहमीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट, घरच्यांची बैठक, काहीही नको. ससून असो की जवळचं मोठं हॉस्पिटल, रात्री दोन वाजता असलं तरी थेट कॅज्युअल्टी गाठा आणि पहिल्याच वाक्यात लघवीचं सांगा. लोक लाजेने कंबरदुखीच सांगत बसतात आणि रांगेत मागे राहतात. इथे तासांचा फरक पडतो. उशीर झाला तर लघवीचा ताबा पुढेही पूर्ण परत येत नाही.

पाऊल लुळं पडून चप्पल पायातून निसटत असेल किंवा ताकद दिवसागणिक कमी होत असेल, तर त्याच दिवशी फोन करून एक-दोन दिवसांत सर्जनला दाखवा.

ताप, वजन घटणं, झोपेतून उठवणारी कंबरदुखी, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, यांपैकी काही असेल तर गादीला दोष देण्याआधी तपासण्या हव्यात. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही.

मला फक्त कंबरदुखी आहे, तरी स्क्रू टाकून मणके जोडायला सांगितलेत. काय करू?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. हे मी इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा ठामपणे सांगते.

कल्पना सरळ आहे: गादी हलते म्हणून दुखते, तर हालचालच बंद करू. कागदावर हे पटतं. स्वीडनमध्ये २९४ पेशंटवर झालेल्या २००१ च्या अभ्यासात मणके जोडलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बरं वाटलं, आणि त्या ऑपरेशनला जोर आला. पण तिथे दुसऱ्या गटाला जे मिळत होतं ते आधीपासून चाललेलंच, थोडीफार फिजिओथेरपी. नंतर नॉर्वेत २००३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २००५ मध्ये (इथे ३४९ पेशंटवर) तुलना झाली ती नेटाने करून घेतलेल्या व्यायामाशी. त्यात दुखण्याची भीती घालवण्यावरही काम होतं. नॉर्वेत दोन्ही गट बरोबरीत सुटले. ब्रिटनमध्ये जोडण्याच्या बाजूने ठोस असं काही निघालं नाही. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं: नुसत्या कंबरदुखीसाठी, अभ्यासाचा भाग असल्याशिवाय, मणके जोडायचं ऑपरेशन सुचवू नका. कृत्रिम गादी बसवायलाही त्यांनी नकारच दिला.

आता दुसरी बाजू. मणका पुढे सरकलेला आहे आणि वाकताना-ताठ होताना काढलेल्या एक्स-रेत तो हलताना दिसतो, फ्रॅक्चर आहे, टीबीने किंवा इन्फेक्शनने मणका खाल्लाय, पाठीला बाक येतोय, अशा वेळी स्क्रू लागतात, आणि ते टाकणारे सर्जन योग्यच करत असतात. म्हणून विचारायचं असं: "डॉक्टर, माझा मणका अस्थिर आहे का? असेल तर कुठल्या एक्स-रेत?" उत्तरादाखल ते फोटो काढून बोट ठेवून दाखवतात का, ते बघा.

जोडल्यावर वरच्या-खालच्या गाद्यांवर ताण वाढतो आणि काही वर्षांनी त्या कुरकुरायला लागू शकतात, हेही आधीच विचारून घ्या. चाळिशीत जोडलेल्यांना पुढे बरीच वर्षं काढायची असतात.

आईला चालताना मध्येच बसावं लागतं. हीसुद्धा गादीच का?

आई साठीच्या पुढे असेल, तर बहुधा मज्जारज्जूची नळी अरुंद झाली आहे. गादी झिजते, मागचे सांधे जाड होतात आणि शिरांची वाट आक्रसते. खूण अशी: पूर्वी वारीत दिवे घाट चढणारी बाई आता मंडईपासून तुळशीबागेपर्यंत दोनदा टेकते. उभं राहिलं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. भाजीच्या गाडीवर ओणवं होऊन ती खुशाल दहा मिनिटं घासाघीस करते.

चालणं अगदी घरापुरतं आलं असेल, तर नळी मोकळी करायचं ऑपरेशन या वयातही गुणकारी ठरतं. वय हा एकटा अडथळा नाही. हृदय, शुगर आणि आईची स्वतःची इच्छा बघावी लागते. यातही सोबत स्क्रू सुचवले तर कारण विचारा. स्वीडनमधल्या २४७ पेशंटच्या २०१६ च्या अभ्यासात नळी मोकळी करण्यासोबत मणके जोडल्याने जादा फायदा दिसला नाही.

दुर्बिणीने केलं तर सोपं पडतं ना?

जखम लहान, घरी लवकर, सुरुवातीचे दिवस सुसह्य. वर्षभराने निकाल नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या ऑपरेशनच्या तोडीचाच. तुमच्या सर्जनचा ज्यात हात बसलाय ते करून घ्या. "दुर्बिणीने आहे, मग करूनच टाकू" हा मात्र तर्क नव्हे; छोटं छिद्र पाडूनही नको असलेलं ऑपरेशन नकोच असतं.

मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो म्हणतात.

प्रत्येक सोसायटीत असा एक काका असतो ज्याच्या मेव्हण्याचं असं झालेलं असतं. मज्जारज्जू बहुतेकांचा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. गादीची ऑपरेशनं होतात त्याच्या खाली, जिथे फक्त सुट्या शिरा असतात. त्यामुळे दोन्ही पाय जाणं फार दुर्मीळ. खरे धोके वेगळे आहेत: इन्फेक्शन, शिरांवरचा पडदा फाटणं, एखाद्या शिरेला इजा, पायात गुठळी, आणि त्याच जागी पुन्हा तुकडा बाहेर येणं. हे शेवटचं शंभरात साधारण पाच ते पंधरा जणांच्या वाट्याला येतं. एवढं सगळं नीट होऊनही कंबर थोडीफार दुखत राहू शकते, आणि हे आधी सांगितलं नसेल तर लोक ऑपरेशन "फेल गेलं" म्हणतात.

मणक्यातलं इंजेक्शन घेऊ का?

पायाची कळ तीव्र असेल तर काही आठवडे आराम मिळवायला ठीक आहे. तेवढ्यात तुकडा आक्रसला तर ऑपरेशन टळतं. नुसत्या कंबरदुखीला मी सुचवणार नाही. डायबेटिस असेल तर इंजेक्शनमधल्या स्टिरॉइडने काही दिवस शुगर चढते, ते आधी सांगा.

पायाळू माणसाची लाथ, मालिश, कटिबस्ती, पट्टा, ट्रॅक्शन?

साधी उसण भरली असेल तर ती आपणहून काही दिवसांत उतरते, श्रेय पायाळूला जातं. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असताना कुणालाही पाठीवर पाय देऊ देऊ नका. मणके कडकन मोडून "बसवणाऱ्या"कडेही जाऊ नका. कटिबस्तीच्या गरम तेलाने स्नायू सैलावतात, बरं वाटतं, जरूर घ्या. गादी त्याने भरून येत नाही. पट्टा प्रवासापुरता. ट्रॅक्शनला वजनं लावून पडून राहण्याचा काळ गेला, नाइसनेही पट्टा आणि ट्रॅक्शन दोन्ही नाकारलेत. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त बेडरेस्ट घेतली की कंबर आणखी आखडते.

मग व्यायाम कोणता करायचा?

चालणं. कळ वाढणार नाही इतकं, दिवसातून चार-पाच वेळा, सपाटीवर. सारसबागेत फेऱ्या मारा, पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगड नंतर. बाकीचे व्यायाम तपासूनच ठरतात: कुणाची कळ मागे वाकल्याने पायातून कमरेकडे सरकते (ही चांगली खूण), तर कुणाची त्यानेच वाढते. व्हॉट्सअपवरचा "सायटिकासाठी पाच आसनं" व्हिडिओ बघून पुढे वाकून पायाचे अंगठे धरू नका. योग करायचा तर शिकवणाऱ्याला आधी रिपोर्ट सांगून.

दुसरं मत कुणाकडून घ्यावं?

पहिलं मत ऑर्थोपेडिककडून आलं असेल तर दुसरं न्यूरोसर्जनकडून, किंवा उलट. दुसऱ्या हॉस्पिटलचे, आणि पहिल्यांनी न पाठवलेले. पुण्यात पर्यायांची वानवा नाही. पहिल्यांनी काय सांगितलं ते सुरुवातीला बोलू नका. तपासू द्या, मत देऊ द्या, मग सांगा. सोबत घरचं एक माणूस न्या आणि त्याला लिहून घ्यायला लावा. विचारा: कोणती शीर, कोणती बाजू, ऑपरेशन नाही केलं तर सहा महिन्यांनी काय होईल, आणि कंबरदुखी किती राहील?

खर्च आणि मेडिक्लेमचं काय?

लेखी अंदाजपत्रक मागा, त्यात स्क्रू-रॉडसारख्या इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत फक्त खोलीचं भाडंच नव्हे, इतर बिलही त्या प्रमाणात कापलं जातं. पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षा काळ बघा: आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत अपघाताव्यतिरिक्तच्या गादीच्या आणि मणक्याच्या आजारांना २४ महिने थांबावं लागतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. पुण्यातली अनेक मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जा, आणि हे ॲडमिट होण्याआधी करा.

तंबाखू सोडायलाच हवी का?

मणके जोडायचे असतील तर हो. निकोटिनमुळे हाड नीट जुळत नाही. सिगारेटबद्दल सर्जन विचारतात, मिश्रीबद्दल विचारायचं राहून जातं आणि आजी सांगत नाही. मिश्रीही तंबाखूच.

ऑपरेशननंतर कधी उठायचं, कधी गाडी चालवायची?

तुकडा काढल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. पायाची कळ बऱ्याचदा शुद्धीवर येतानाच गेलेली असते. बधिरपणा मात्र रेंगाळतो, ताकद यायला महिने लागू शकतात. टेबलावरचं काम बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत सुरू करतात, ओझ्याचं काम दीड ते तीन महिन्यांनी. दुचाकीची घाई नको. गाडी स्टँडवर चढवताना कमरेला बसणारा हिसका आपल्या स्पीडब्रेकरपेक्षा वाईट असतो. भारतीय संडास आणि जमिनीवरची पंगत काही आठवडे टाळा. मणके जोडले असतील तर सगळंच लांबतं, आणि वेळापत्रक तुमच्या सर्जनचं.

ढोलपथकात आहे. यंदा वाजवता येईल का?

जूनपासून हा प्रश्न सुरू होतो, आणि विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतले. कमरेला ढोल बांधून, पाठ मागे ताणून तासन्‌तास उभं राहायचं, तेही सरावाचे दोन महिने आणि वर मिरवणूक. पायात कळ किंवा अशक्तपणा असेल तर नाही. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले नसतील तरी नाही. त्यानंतर पाठीची ताकद तपासून, सरावात अर्ध्या तासापासून सुरुवात करून, कळ पायात उतरली की त्याच क्षणी ढोल सोडायच्या बोलीवर हो म्हणते. यातलं काही जमणार नसेल तर यंदा झांज घ्या.